बियांपासून वेली गुलाब: घरच्या बाल्कनीतला एक दीर्घ प्रयोग

या पाठात काय आहे

सर्जापूर रोडच्या दोन्ही बाजूंना झाडांच्या नर्सऱ्या आहेत. तिथे जाऊन गुलाबाचे बी मागितले, तर नर्सरीवाला बहुधा हसतो आणि म्हणतो, "बी कशाला? कलम घेऊन जा." त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे. तरीही जगातला गुलाबाचा जवळजवळ प्रत्येक वाण कधी ना कधी एका बीपासूनच सुरू झाला आहे. मग बी कधी लावावे, कधी लावू नये, आणि लावायचेच ठरवले तर किती लावावे?

मी अभियांत्रिकी शिकवतो, वनस्पतिशास्त्र नाही. पण या प्रयोगात संभाव्यता, वेळापत्रक, भार आणि निवडीचे निकष असे आपल्या रोजच्या अभ्यासातले सगळे काही आहे. खर्च थोडा आहे, वेळ मात्र दोन-तीन वर्षे जातो. म्हणून कुदळ हातात घेण्याआधी कागद-पेन्सिल घेतलेली बरी. हा पाठ कोणत्याही शाखेच्या पदवीच्या विद्यार्थ्याला समजावा असा लिहिला आहे. बारावीपर्यंतचे जीवशास्त्र विसरले असेल तरी हरकत नाही.

१. वेली गुलाब म्हणजे नेमके काय

काकडीच्या वेलीला ताणे असतात. मिरवेलीला चिकटून धरणारी मुळे असतात. गुलाबाला यांपैकी काहीच नसते. वेली गुलाब म्हणजे लांबच लांब, लवचिक फांद्या फेकणारे झुडूप. जंगलात या फांद्या शेजारच्या झाडांवर रेलतात आणि खाली वळलेले काटे आकड्यासारखे अडकून त्यांना धरून ठेवतात. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर भाषेत हे खरे काटे नव्हेत. लिंबाचा काटा हे फांदीचे रूपांतर असते, तर गुलाबाचा काटा म्हणजे सालीच्या बाहेरच्या थराची वाढ असते. म्हणूनच तो अंगठ्याने बाजूला दाबला की सहज निघून येतो.

घरी याचा अर्थ सरळ आहे: वेली गुलाब आपोआप जाळीवर चढत नाही, त्याला बांधावे लागते.

आपल्या देशात रानटी वेली गुलाब आहेत. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत पांढऱ्या फुलांचा रोझा लेशेनॉल्टियाना वाढतो. मणिपूरच्या डोंगरांत रोझा जायगँशिया आहे. जॉर्ज वॉट यांनी तो तिथे १८८२ मध्ये गोळा केला. त्याची फुले तळहाताएवढी आणि वेल झाडाच्या शेंड्यापर्यंत जाणारा. आजच्या बागेतल्या गुलाबांमध्ये या जातीचे रक्त आहे, असे म्हणायला हरकत नाही.

२. कलम आणि बी यांतला फरक

नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा 'डोळे भरून' तयार केलेला असतो. एका काटक गुलाबाचा खुंट घेतात, त्याच्या सालीत हव्या त्या वाणाचा डोळा बसवतात आणि तो जगला की खुंटाचा शेंडा छाटतात. सर्जापूरहून जवळ असलेल्या होसूर परिसरातल्या पॉलीहाऊसमध्ये फुलांसाठी लावलेले गुलाबही अशाच शाकीय पद्धतीने वाढवलेले असतात. डोळ्यातून वाढलेले झाड मूळ झाडाची जनुकीय नक्कल असते. दहा हजार झाडे केली तरी फूल तेच.

बीचे तसे नाही. बी म्हणजे आई आणि बाप यांच्या जनुकांची नव्याने पिसलेली पानांची जोडी. गुलाब शतकानुशतके संकरातून आलेला असल्यामुळे त्याच्या जनुकांत प्रचंड विविधता असते. लाल वेली गुलाबाच्या एकाच फळातल्या दहा बियांपासून दहा वेगळी झाडे येतील. काही गुलाबी, काही पांढरट, काही बुटकी, काही लांब फांद्यांची.

हा फरक कायद्यानेही ओळखला आहे. अमेरिकेने १९३० मध्ये वनस्पती-पेटंटचा कायदा केला आणि १८ ऑगस्ट १९३१ रोजी त्याखालचे पहिले पेटंट दिले. ते एका वेली गुलाबाला मिळाले. वाणाचे नाव 'न्यू डॉन'. 'डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट' नावाचा वेली गुलाब वर्षातून एकदाच फुलत असे. त्याच्या एका झाडावर पुन्हा पुन्हा फुलणारे रूप सापडले, ते हे. हे पेटंट शाकीय पद्धतीने वाढवलेल्या झाडांपुरते होते. कारण उघड आहे: बीमधून वाण जसाच्या तसा येतच नाही, मग बीवर हक्क सांगून उपयोग काय?

भारतात झाडांना पेटंट मिळत नाही. त्याऐवजी वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ आहे. या कायद्यात नोंदणी झालेला वाण संशोधनासाठी किंवा नवा वाण घडवण्याचा सुरुवातीचा स्रोत म्हणून वापरण्याची मुभा आहे. तुमच्या बाल्कनीतला संकर त्यात बसतो.

३. पाकिटातले 'निळे' बी

ऑनलाइन दुकानांत "क्लायंबिंग रोझ सीड्स" अशी पाकिटे मिळतात. चित्रावर निळा, काळा, कधी तर सातरंगी गुलाब असतो. विद्यार्थी अशी पाकिटे घेऊन विचारायला येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

पहिला मुद्दा: वर पाहिले त्याप्रमाणे कोणताही विक्रेता गुलाबाच्या बीसोबत फुलाच्या रंगाची हमी देऊ शकत नाही. दुसरा मुद्दा: निळ्या रंगासाठी डेल्फिनिडीन नावाचे रंगद्रव्य लागते. ते तयार करणारे एक एन्झाइम गुलाबात नैसर्गिकरीत्या नसते. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या वनस्पतीचे जनुक घालून असा गुलाब प्रयोगशाळेत तयार केला. तोही डोळ्यांना निळ्यापेक्षा फिकट जांभळाच दिसतो. तेव्हा शंभर रुपयांच्या पाकिटात गडद निळा वेली गुलाब असण्याची शक्यता शून्य धरा.

मग बी कुठून आणायचे? ओळखीच्या झाडावरचे फळ घ्या. गुलाबाचे सुकलेले फूल छाटले नाही तर त्याच्या खाली हिरवी गोळी फुगते आणि काही महिन्यांत नारिंगी किंवा लाल होते. तेच फळ. हॉस्टेलच्या बागेतला माळी फुले सुकली की लगेच छाटतो. त्याला दोन-चार फुले ठेवायला सांगा, एवढेच भांडवल पुरते.

४. चढणे आणि फुलणे यांची ओढाताण

आता या विषयाचा गाभा. आपल्याला साधारणपणे दोन गोष्टी हव्या असतात: लांब वाढणारा वेल आणि वर्षभर येणारी फुले. जनुकांच्या पातळीवर या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात.

गुलाबात 'केएसएन' नावाचे जनुक आहे. त्याचे काम फुलणे रोखणे. रानटी गुलाबात वसंतात त्याचा जोर कमी असतो, तेव्हा फुले येतात. नंतर जोर वाढतो, फुलणे थांबते आणि झाड उरलेला काळ लांब फांद्या वाढवण्यात घालवते. चीनमधून आलेल्या बारमाही गुलाबांत या जनुकाच्या आत डीएनएचा एक 'उडता' तुकडा, म्हणजे रेट्रोट्रान्सपोझॉन, घुसून बसला आहे. त्यामुळे जनुक बंद पडले, ब्रेक निकामी झाला. प्रत्येक नवी फांदी थोडी वाढली की टोकाला फूल धरते. फुले वर्षभर येतात, पण फांदी लांबत नाही आणि झुडूप बुटके राहते. फ्रान्स आणि जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे प्रसिद्ध केले.

याच संशोधनातून आणखी एका गोष्टीचा उलगडा झाला. बारमाही झुडपावर कधी कधी अचानक एक लांब वेली फांदी येते. बागवान तिला 'स्पोर्ट' म्हणतात. अभ्यासलेल्या अशा झाडांत घुसलेला तुकडा बराचसा निघून गेला होता आणि ब्रेक पुन्हा लागू झाला होता. म्हणून असे वेल जोमाने चढतात, पण फुलण्यात हात आखडता घेतात.

बारमाही फुलणे हा गुण अप्रभावी आहे. म्हणजे झाडातल्या जनुकाच्या सगळ्याच्या सगळ्या प्रती निकामी असतील तरच तो दिसतो. एक जरी चालू प्रत असली तरी झाड वर्षातून एकदाच फुलते. चढण्याच्या सवयीवर मात्र इतर जनुकांचाही प्रभाव असतो. म्हणूनच बारमाही फुलणारे वेल अस्तित्वात आहेत. ते दुर्मीळ आहेत, अशक्य नाहीत.

एक सावधगिरी. स्पोर्टमध्ये बदल कधी कधी खोडाच्या एकाच पेशीथरात असतो. परागकण आणि बीजांडे साधारणपणे बाहेरून दुसऱ्या थरातून तयार होतात. बदल त्या थरात नसेल तर उंच वेलाच्या बियांपासून सरसकट बुटकी झुडपे येऊ शकतात. आई-बाप निवडताना शक्यतो स्पोर्ट टाळावा आणि मुळातच वेली असलेला वाण घ्यावा.

५. किती बिया लावाव्यात

हा भाग वहीत सोडवून पाहा. चालू प्रतीला 'च' आणि निकामी प्रतीला 'न' म्हणू. आपल्याला हवे आहे बारमाही रोप, म्हणजे सगळ्या प्रती 'न'.

गुलाबाचा मूळ गुणसूत्र संच ७ चा. द्विगुणित गुलाबात १४ गुणसूत्रे म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. बहुतेक आधुनिक बागायती गुलाब चतुर्गुणित आहेत: २८ गुणसूत्रे, चार प्रती.

पहिली स्थिती: दोन्ही पालक द्विगुणित, 'चन' × 'चन'. हवे ते रोप मिळण्याची संभाव्यता १/४. हे मेंडेलचे नेहमीचे गणित.

दुसरी स्थिती: चतुर्गुणित 'चचनन' झाडाचे स्वतःशीच परागण. चार प्रतींतून दोन निवडण्याच्या सहा तऱ्हा. त्यांतली एकच 'नन'. म्हणजे प्रत्येक पालकाकडून १/६, दोघांकडून मिळून १/३६.

तिसरी स्थिती: एक पालक 'चचनन' वेल, दुसरा बारमाही 'नननन'. बारमाही पालक नेहमी 'नन'च देणार. संभाव्यता १/६.

आता किमान एक हवे ते रोप मिळण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल तर? एकही न मिळण्याची संभाव्यता (१ − प) चा न-वा घात असते, इथे 'प' ही एका रोपाची संभाव्यता आणि 'न' ही रोपांची संख्या. ही किंमत ०.०५ पेक्षा कमी हवी. लॉगरिथम घेऊन सोडवले तर तीन स्थितींसाठी अनुक्रमे ११, १०७ आणि १७ रोपे लागतात.

पण प्रत्येक बी उगवत नाही. उगवण ३० टक्के गृहीत धरू. मग 'प'ला ०.३ ने गुणायचे आणि पुन्हा सोडवायचे. उत्तरे: ३९, ३५८ आणि ५९ बिया.

दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थितीतला फरक पाहा. वेलावर आपोआप धरलेली फळे गोळा केली तर ३५८ बिया, आणि सकाळची दहा मिनिटे खर्चून योग्य बापाचे पराग लावले तर ५९. एका फळात कधी पाच-सहा, कधी पंचवीस-तीस बिया असतात. ५९ बिया चार-पाच चांगल्या फळांत मिळतील, ३५८ साठी बाग लागेल. १० सेंटिमीटरच्या कुंड्यांत १०७ रोपांना एक चौरस मीटरहून अधिक जागा हवी, १७ रोपे खिडकीच्या कट्ट्यावर मावतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने परागण हातानेच का करावे, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

हे गणित एकाच गुणाचे आहे. रंग, सुवास, रोगप्रतिकार अशी प्रत्येक वाढीव अट संभाव्यता आणखी खाली नेते. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात एकच अट ठेवावी.

६. बंगळुरूसाठी उलटे वेळापत्रक

गुलाबाचे बी पिकल्याबरोबर उगवत नाही. त्याचे कवच कठीण असते आणि कवचात व बीच्या आवरणात ॲब्सिसिक आम्ल हे उगवण रोखणारे संप्रेरक असते. थंड प्रदेशात याचा फायदा होतो. शरद ऋतूत पडलेले बी हिवाळ्यात उगवून गारठून मरत नाही. ओलसर थंडीत काही आठवडे गेले की आम्लाचा प्रभाव ओसरतो आणि वसंतात बी उगवते.

यासाठी साधारण ४ ते ५ अंश सेल्सिअस तापमान सलग हवे. बंगळुरूचे जानेवारीतले किमान तापमान १५-१६ अंशांच्या आसपास असते. शहराच्या नोंदींतला नीचांक १३ जानेवारी १८८४ चा आहे, तोही ७.८ अंश. म्हणजे आपला हिवाळा फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यातच शोधावा लागतो. पुणे, नागपूर, हैदराबाद, चेन्नई इथल्या वाचकांनाही हेच लागू.

आता शेवटाकडून सुरुवातीकडे येऊ. कोवळ्या रोपांना १५ ते २२ अंशांचे, कोरडे, रोगमुक्त हवामान मानवते. आपल्याकडे ते डिसेंबर-जानेवारीत. म्हणून पेरणी डिसेंबरच्या सुरुवातीला. त्याआधी १० ते १२ आठवडे फ्रीज, म्हणजे बिया सप्टेंबरच्या मध्यात आत जायला हव्यात. फळ पिकायला परागणापासून सुमारे चार महिने लागतात. म्हणून परागण एप्रिल अखेर ते मेच्या मध्यापर्यंत. या एका तारखेवर सगळे अवलंबून आहे. ती चुकली की वर्ष गेले. परीक्षेच्या दिवसांतच ती येते, तेव्हा कॅलेंडरवर आधीच खूण करा.

७. कृती

*परागण.* आई म्हणून निवडलेल्या झाडाची उद्या उमलेल अशी कळी संध्याकाळी किंवा भल्या सकाळी निवडा. पाकळ्या हलक्या हाताने काढा, मग पुंकेसर लहान कात्रीने किंवा चिमट्याने काढा. मधले कुक्षींचे झुपके तेवढे राहू द्या. त्यावर पातळ कागदी पिशवी बांधा. बापाच्या फुलातले परागकोश एका कोरड्या वाटीत रात्रभर ठेवा, सकाळपर्यंत पिवळी भुकटी सुटते. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाल्या की रंगाच्या मऊ ब्रशने पराग लावा, त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा एकदा लावा. देठाला चिठ्ठी बांधा: आई × बाप, तारीख. पेन्सिलीने लिहा, शाई पावसात वाहून जाते.

*फळ आणि बी.* तीन-चार आठवड्यांत गोळी हिरवी राहून फुगली तर फळ धरले. काळी पडून गळली तर नाही. पूर्ण रंग आल्यावर फळ तोडा, चिरा आणि बिया काढा. आतली लव त्वचेला खाजवते, हातमोजे घाला. गर पूर्ण धुऊन काढा, कारण गरावर बुरशी धरते. पाण्यात तरंगणाऱ्या बिया बहुधा पोकळ असतात, पण ही चाचणी पक्की नाही. तरंगणाऱ्या बिया वेगळ्या ठेवा, फेकू नका.

*थंडी.* औषधाच्या दुकानातले ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून बिया काही मिनिटे धुवा. ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून झिप पिशवीत घाला. कोकोपीट मुठीत दाबले तर पाणी ठिबकू नये. पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. घरच्यांसाठी मोठ्या अक्षरांत लिहा: "खाण्याचे नाही." दर आठवड्याला बुरशी पाहा. पिशवीतच पांढरे मूळ डोकावले तर ते बी लगेच पेरा.

*पेरणी.* कोकोपीट आणि परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू समप्रमाणात घ्या. एक सेंटिमीटर खोल पेरा. पाणी ट्रेमधून खालून द्या. या भागात अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे कठीण पाणी येते. त्यातले क्षार कोवळ्या मुळांना बाधतात, शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी वापरा. उगवण एकाच वेळी होत नाही. काही बिया दोन आठवड्यांत, काही दोन महिन्यांत उगवतात.

*रोप.* पहिली दोन पाने गुळगुळीत, लंबगोल बीजपत्रे असतात. त्यानंतर दातेरी कडांचे खरे पान येते. या वयात मर रोगाने रोप बुंध्याशी बारीक होऊन आडवे पडते. त्यावर उपचार नाही, प्रतिबंध आहे: कमी पाणी, वाहती हवा, सकाळचे ऊन. तीन-चार खरी पाने आली की १० सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. पुढे रोज पाच-सहा तास ऊन लागेल. थंडीत पानांवर भुरी आणि पावसाळ्यात काळे ठिपके येतात. पाने ओली ठेवू नका आणि रोगट पाने काढून टाका.

८. कोणते रोप ठेवायचे

इथे बहुतेक जण घाई करतात आणि वर्षाची मेहनत हातची जाते. बारमाही रोपाला उगवल्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांतच, रोप वीतभरही नसताना, पहिली कळी येऊ शकते. एकदाच फुलणाऱ्या रोपाला दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षापर्यंत फूल येत नाही. न फुललेली रोपे 'वांझ' समजून फेकली, तर उरतात ती बहुतांश बुटकी झुडपे. वेल व्हायची क्षमता असलेली रोपे फेकली गेलेली असतात.

म्हणून निवड दोन टप्प्यांत करा. पहिल्या वर्षी फक्त रोगट आणि खुरटी रोपे काढा. लवकर फुललेल्यांवर एका रंगाची आणि न फुललेल्यांवर दुसऱ्या रंगाची पट्टी बांधा. लवकर फुललेल्या रोपाची पहिली कळी तोडा, म्हणजे ताकद मुळांत जाईल. दुसऱ्या वर्षी बुंध्यातून नव्या जाड फांद्या फुटतात, तेव्हाच चढण्याची सवय दिसते. पहिल्या वर्षी फुललेले आणि दुसऱ्या वर्षी लांब फांद्या टाकणारे रोप मिळाले, तर तेच हवे होते. त्याच्या छाट कलमांनी लगेच दोन-तीन प्रती करा. एकमेव झाड मेले तर ते बीमधून पुन्हा मिळणार नाही.

९. बाल्कनी, भार आणि बांधणी

मोठ्या वेलाला ४० सेंटिमीटर व्यासाची आणि तितकीच खोल कुंडी लागते. घनफळ सुमारे ५० लिटर. ओल्या मिश्रणाचे वजन लिटरला १.३ किलो धरले तर ६५ किलो, म्हणजे सुमारे ६४० न्यूटन. भारतीय मानक ८७५, भाग २ प्रमाणे निवासी इमारतीतल्या बाल्कनीचा सजीव भार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतात. ३ × १.२ मीटरच्या बाल्कनीत अशा दहा कुंड्या ठेवल्या तर सरासरी १.८ किलोन्यूटन होतात. माणसे येण्याआधीच निम्म्याहून अधिक मर्यादा संपली. शिवाय बाल्कनी कँटिलिव्हर असेल तर कुंडी कठड्याजवळ ठेवल्याने आधाराशी येणारे आघूर्ण वाढते. जड कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवा, मातीपेक्षा कोकोपीट आणि गांडूळखताचे प्रमाण वाढवा, आणि जाळी काचेच्या कठड्याला न बांधता भिंतीला पक्की करा. पानांनी भरलेली जाळी वाऱ्यात शिडासारखी वागते.

फांद्या सरळ वर बांधू नका. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन खाली वाहते आणि बाजूचे डोळे दाबून ठेवते. फांदी आडवी किंवा तिरकी बांधली की हा दाब सैल होतो, प्रत्येक डोळ्यातून छोटी फांदी फुटते आणि तिच्या टोकाला फूल येते. सरळ उभी वेल वरच्या मजल्याला फुले देते, आडवी बांधलेली तुम्हाला.

१०. हे काम आपल्याकडे कोणी केले

गहू संशोधक डॉ. बी. पी. पाल १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गहू हा त्यांचा व्यवसाय आणि गुलाब हा छंद होता. त्यांनी अनेक वाण घडवले, त्यांत 'दिल्ली व्हाइट पर्ल' हा वेली गुलाबही आहे. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 'अर्का' मालिकेतले गुलाब दिले.

वेली गुलाबांसाठी सर्वांत महत्त्वाचे काम कोडाईकनालला झाले. प्रशासकीय सेवा सोडलेले एम. एस. वीरराघवन, आणि त्यांच्यासोबत गिरिजा वीरराघवन, यांनी मणिपूरचा रोझा जायगँशिया आणि पूर्व भारतात नदीकाठी वाढणारा रोझा क्लिनोफिला यांचे संकर केले. युरोपीय गुलाब थंडीसाठी घडवले गेले. उष्ण प्रदेशाला पुराच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात तग धरणारे, सदाहरित गुलाब हवेत, हा त्यांचा विचार. त्यांच्या एका जायगँशिया संकराला गुणसूत्रांच्या अभ्यासक ई. के. जानकी अम्माल यांचे नाव दिले आहे. दोघांकडे मोठी प्रयोगशाळा नव्हती. होत्या त्या ब्रश, चिठ्ठ्या, नोंदवही आणि वर्षानुवर्षे टिकलेली चिकाटी.

सारांश

वाण हवा असेल तर कलम घ्या, नवा वाण हवा असेल तर बी लावा. पालक निवडून हाताने परागण केल्यास लागणाऱ्या बियांची संख्या कितीतरी पटींनी घटते. आपल्या हवामानात थंडी फ्रीजमधून द्यावी लागते, म्हणून परागणाची तारीख उलट मोजून ठरवावी. पहिल्या वर्षी न फुललेले रोप फेकू नये. दोन-तीन वर्षांनी हातात काहीच लक्षणीय न येण्याची शक्यता ५ टक्के आपण मान्य करूनच सुरुवात केली आहे. ती खरी ठरली तरी नोंदवही पुढच्या प्रयोगाला कामी येते.

स्वाध्याय

१. 'चननन' × 'नननन' या संकरात बारमाही रोपाची संभाव्यता काढा. ९५ टक्के खात्रीसाठी किती रोपे लागतील?

२. उगवण ३० ऐवजी ६० टक्के झाली तर तिसऱ्या स्थितीत किती बिया पुरतील? बियांची संख्या बरोबर निम्मी होते का? का?

३. तुमच्या गावाचे महिनावार सरासरी तापमान शोधा आणि परागण ते पेरणीचे स्वतःचे वेळापत्रक मांडा.

४. तुमच्या घरच्या किंवा हॉस्टेलच्या बाल्कनीचे क्षेत्रफळ मोजा. ४० सेंटिमीटरच्या किती कुंड्या ठेवल्यावर सजीव भाराचा एक-तृतीयांश भाग वापरला जातो?

५. जवळच्या बागेतल्या एका वेली गुलाबाचे वर्षभर निरीक्षण करा. तो किती वेळा फुलतो, फुले जुन्या लाकडावर येतात की नव्या, आणि फळे धरतात का, याची नोंद ठेवा. पालक म्हणून तो योग्य आहे की नाही, हे त्या नोंदीवरून ठरवा.